उतरवून घेणाऱ्यांसाठी

खंडेराया, मल्हारी मार्तंडा, झाशीत तुझ्या नावाच्या दरवाजापाशी उभा राहून तुला हाक मारतो आहे. इथले रिक्षावाले दिवसभर 'खंडेराव गेट, खंडेराव गेट' करत सवाऱ्या भरतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना जेजुरी ठाऊक नसेल, म्हाळसा-बाणाईची भांडणं तर नाहीच नाही; तरी तुझ्या कुठल्याही वाघ्यापेक्षा तुझं नाव त्यांच्याच तोंडी जास्त वेळा येतं. हे नामस्मरण कुणाच्या खात्यावर चढवायचं ते तुझं तू बघ. मी भंडारा उधळायला आलेलो नाही, मागायला आलो आहे.

आणि मागणं कवींसाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कवी आपलं मागणं आपण मागतात, आणि माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत मागतात. मला मागायचं आहे ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांसाठी. दुसऱ्याची ओळ उतरवून घेणारे, पाठ करून ठेवणारे, ट्रंकेत कपड्यांखाली दडवणारे, आणि वेळ आली की योग्य हातात देणारे. यांच्यासाठी कुठल्या देवळात नवस बोललेला मी ऐकला नाही.

झाशीतच हे मागावंसं का वाटलं, ते तुला सांगायला नको. नेवाळकर राजघराण्याच्या या शहरात पोथ्यांचा मोठा संग्रह होता. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत आले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौज तटाच्या आत शिरली तेव्हा इथेच होते. लूट, आगी, गल्लीत पडलेली प्रेतं, तहान, सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्याच ओघात ग्रंथांच्या नाशाबद्दलही ते हळहळतात. स्वतःचा जीव कसाबसा वाचलेला भिक्षुक माणूस पोथ्यांसाठी हळहळतो, याचं मला अजून नवल वाटतं. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी आपल्या वाकलेल्या पाठीची आणि आखडलेल्या मानेची तक्रार नोंदवत, नि पोथी तेलापाण्यापासून जपा म्हणून वाचणाऱ्याला विनवत. झाशीच्या पोथ्यांतही तशी विनवणी असणार. गोऱ्या सोजिराला ती वाचता आली नाही. तुला तर येत होती, देवा. तू त्या दिवशी कुठे होतास, हे विचारायचा हक्क मी राखून ठेवतो आणि पुढे जातो.

त्या आगीच्या आधी कुणी परगावचा ब्राह्मण इथे आला असेल, ओसरीवर बसून त्याने बोरूने एखादी पोथी उतरवली असेल, आणि ती बासनात बांधून घरी नेली असेल, तर तेवढी पोथी वाचली. त्या माणसाचं नाव कुठे नाही. त्याला सद्गती दे. गोडसेभटजींनाही दे. गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले, १८८३ साली आठवणी लिहायला बसले. 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली, तोही चिंतामणराव वैद्यांनी बदल करून. मूळ बाड दत्तो वामन पोतदारांनी उजेडात आणलं १९६६ साली. वैद्यांनी फेरफार केले म्हणून त्यांच्यावर राग धरू नकोस. त्यांनी ते बाड मागवलं नसतं तर पोतदारांना शोधायला काही उरलं नसतं.

आमच्या भास्करराव तांब्यांचंही बघ. जन्म मुंगावलीचा, शिक्षण झाशी नि देवासला, नोकऱ्या संस्थानांच्या, शेवट ग्वाल्हेरला १९४१ साली. टेनिसन आणि ब्राउनिंग वाचून मुरलेला हा माणूस आयुष्यभर हिंदी मुलखात राहिला, आणि त्याची गाणी पुण्या-मुंबईच्या माजघरांत गायली गेली. ग्वाल्हेरला असलेल्या झाशीच्या राणीच्या समाधीवरची त्यांची कविता शाळेत पाठ केलेली माणसं अजून भेटतात. पण १९२० साली वा. गो. मायदेवांनी त्यांच्या कविता जमवून पुस्तक काढलं नसतं, १९३५ साली माधव जूलियनांनी समग्र तांबे एकत्र केले नसते, तर त्यांतल्या किती आपल्यापर्यंत आल्या असत्या? गाणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, कवीला राजकवीपद मिळालं. मायदेवांच्या वाट्याला काय आलं? मुद्रितं तपासताना दुखलेले डोळे. त्यांच्या जातीच्या सगळ्यांना, देवा, म्हातारपणीही बारीक टाइप दिसू दे.

इथल्या बुंदेली मुलखाला हे आपल्यापेक्षा आधी कळलं असावं. सुभद्राकुमारी चौहानांनी राणीवरच्या आपल्या कवितेतली कहाणी बुंदेले हरबोलांकडून ऐकलेली म्हणून सांगितली. दारोदार हिंडून गाणाऱ्या लोकांचं कर्ज एखाद्या शिकल्यासवरल्या कवीने इतकं उघड कबूल केलेलं फारसं आढळत नाही. आणि मऊरानीपूरजवळच्या मेंढकीचा तो ईसुरी, रजऊच्या नावाने फाग रचणारा. त्याच्या फागांना गळा मिळाला धीरे पंडाचा. आजही होळीला या भागात ईसुरी ऐकू येतो, पण पंडाचं नाव किती जणांच्या ओठांवर येतं?

आत्याची वहीही तुझ्या कानावर घालतो, घरचं आहे म्हणून. मंगळागौरीची आणि हादग्याची गाणी तिने शाळेच्या दुरेघी वहीत उतरवलेली आहेत. मधल्याच एका पानावर डाळ, गूळ आणि रॉकेलचा हिशेब. एका गाण्यावर तेल सांडलेलं, तिथे पानाच्या मागची अक्षरं पुढे उमटून दोन गाणी एकमेकांत मिसळली आहेत, आणि आत्या म्हणताना तशीच मिसळून म्हणते. काही कडव्यांत मराठी क्रियापद सरळ बुंदेली होऊन बसलं आहे. पुण्याचा कुणी अभ्यासक ते दुरुस्त करायला आला, तर त्याला वाटेतच थोडा ताप आणून परत पाठव. फार नको, दोन दिवसांचा.

आता तुझ्या मुलखाबाहेरचं सांगतो. हंगेरीत मिक्लोश राद्नोती नावाचा कवी होता. ज्यू म्हणून त्याला वेठीला धरून सर्बियातल्या बोरच्या खाणींकडे नेलं, आणि १९४४ च्या शरदात इतर कैद्यांबरोबर पायी परत हाकललं. चालवेनासं झालं तेव्हा नोव्हेंबरात ऑब्दा गावाजवळ गोळ्या घालून सगळ्यांना एका खड्ड्यात पुरलं. १९४६ साली तो खड्डा उकरला. कवीच्या कोटाच्या खिशात एक लहानशी वही निघाली. मातीच्या ओलीने पानं चिकटलेली. तिच्या पहिल्या पानावर त्याने पाच भाषांत विनंती लिहिली होती, हंगेरियन, सर्बियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी: या वहीत एका हंगेरियन कवीच्या कविता आहेत, अमुक माणसाला पोचवाव्यात. ज्यांच्यासाठी त्याला राबवलं त्यांच्या भाषेतही त्याने विनंती लिहिली, याच्यापाशी मी बराच वेळ अडून बसतो. कबर खणणारा कामगार कोण होता, हंगेरियन, आणखी कुणी, त्याला कविता आवडत होत्या का, काही माहीत नाही. त्याने खिसा चाचपला आणि वही फेकली नाही. तुझ्या हिशेबात त्याला वारीचं पुण्य लाव.

लेनिनग्राडला रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवाच्या घरात भिंतींना कान होते. ती कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहून पाहुणीपुढे धरायची, मोठ्याने मात्र 'चहा घेणार का?' असं काहीतरी विचारायची. लीदिया चुकोव्स्काया त्या ओळी मनात वाचून पाठ करायची, चिटोरा परत द्यायची, आणि तो रक्षापात्रात जळायचा. मग ती रात्री रस्त्याने घरी जायची, डोक्यात कविता, आणि एक शब्द सांडला तर भरून आणायला जागा नाही. तिकडचाच कवी मँडेलस्टाम १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याची बायको नादेज्दा त्याच्या कविता वर्षानुवर्षं घोकत राहिली, गावोगाव बिऱ्हाडं बदलत. देवा, हिला तू ओळखत असशील. अरुण कोलटकरांनी तिला 'भिजकी वही'त आणून बसवलं आहे, जगभरच्या रडणाऱ्या बायांच्या पंगतीत.

कोलटकरांचं नाव घेतलं आणि तुझ्या भुवया चढल्या का? त्यांनी तुझ्या जेजुरीला येऊन मोडकी दारं पाहिली, पडक्या देवळातली कुत्री पाहिली, आणि १९७६ साली इंग्रजीत पुस्तक काढलं. माझं मत विचारशील तर इतक्या बारकाईने तुझा दगड न् दगड न्याहाळणारा भक्त तुला पुन्हा मिळणं कठीण. राग असेल तर सोड. आणि 'प्रास' प्रकाशनवाल्या अशोक शहाण्यांसारखी माणसं, जी दुसऱ्याच्या कवितेसाठी कागद, टाइप आणि कडा यांवर भांडत बसतात, त्यांचा भांडखोरपणा तेवढा राख. शांत झाली की छपाई बिघडते.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या, ते विठ्ठलाचं खातं, मी त्यात पडत नाही. पण संताजी जगनाड्यांनी आपल्या हाताने अभंग उतरवले, ते तेल्याच्या घरच्या हाताचं काम आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि घरातली पोरं टिपून ठेवायची. त्या १९५१ साली गेल्या, मग त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी ते चोपडं आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. घरातल्या पोरांना हातातलं काम टाकून म्हातारीचं गाणं लिहून घ्यायची बुद्धी होते, ती कुठून होते, मला कळत नाही. जिथून होते तिथला झरा आटू देऊ नकोस.

शेवटचं तुझ्याच दारातलं. चंपाषष्ठीला, लग्नानंतरच्या जागरणाला तुझा वाघ्या रात्रभर उभा असतो. दिमडी, तुणतुणं, कोटंबा, बाजूला मुरळी. तुझ्या लग्नाची, मणि-मल्लाच्या वधाची गाणी त्याने बापाकडून ऐकून घेतली, बापाने आज्याकडून. वही नाही, छापील काही नाही. तो गेला आणि पोरगा पुण्याला कंपनीत लागला, की तुझी निम्मी गाणी गेली. तेव्हा त्याच्या पोराला एखादं तरी जागरण पुरतं ऐकायची लहर येऊ दे, फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. आणि यजमान पहाटे तळी भरून झाल्यावर सुपारीच्या ठरलेल्या पैशांत घासाघीस करू लागला, तर त्याच्या मनात जरा भीती घाल. वाघ्याला सगळे पैसे रोख मिळू देत, आणि घरी जायला पहिली एसटी.