घड्याळ कुणाचं मागे?

‘मी मीच आहे’ हे माणसाने किती वेळा सिद्ध करावं? परवा आमच्या टीव्हीने मला ओळखायला साफ नकार दिला. रिमोटने एकेक अक्षर वेचून सात वेळा पासवर्ड घातला. उत्तर एकच, ‘लॉगिन होऊ शकले नाही.’

“अहो, स्वतःचा पासवर्डही लक्षात नाही?” इति आमची ही.

शेवटी भाच्याने निदान केलं. वीज गेल्यापासून टीव्हीचं घड्याळ २०१५ सालात अडकलं होतं. अ‍ॅपच्या सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र यंदाचं. टीव्हीच्या हिशेबी त्याची मुदत सुरूच झालेली नव्हती! तारीख दुरुस्त केली, स्वारी सुरू.

मी हसलो आणि एकदम गप्प झालो. शुक्रवारीच एका पेन्शनर आजोबांचा चेक ‘सही जुळत नाही’ म्हणून मी परत केला होता. “साहेब, मीच आहे हो!” ते म्हणत होते. नियमाने मी बरोबर. पण आमच्याकडचा सहीचा नमुना १९९८चा आणि समोरचा थरथरता हात आजचा.

सोमवारी त्यांना बोलावून नवा नमुना घेतला.

“पटली का ओळख?” आजोबांनी विचारलं.

म्हटलं, “तुमचं काही चुकलं नव्हतं, आजोबा. आमचंच घड्याळ मागे होतं.”