बाहुलीचा पासपोर्ट

१९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानी मुलांना १२,७३९ बाहुल्या पाठवल्या. तीन मार्चला जपानात हिनामात्सुरी हा मुलींचा बाहुल्यांचा सण असतो; तो मुहूर्त साधायचा होता. प्रत्येक बाहुलीला नाव होतं, आणि सोबत छोटासा पासपोर्ट व एक पत्र. ही कल्पना सिडनी गुलिक यांची. हे मिशनरी पंचवीसेक वर्षं जपानात राहिलेले. तिकडची व्यवस्था शिबुसावा एइइची या उद्योगपतींनी बघितली (२०२४पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहेत, तेच). जपानी मुलींनीही एकेक सेन (येनचा शंभरावा भाग) जमवला आणि वर्ष संपायच्या आत ५८ किमोनोधारी बाहुल्या परतभेट म्हणून अमेरिकेला गेल्या.

गोष्ट गोड आहे, पण तिच्या मुळाशी १९२४चा अमेरिकी कायदा आहे. त्याने जपानी माणसांना अमेरिकेत स्थायिक होण्याची वाट बंद केली होती. गुलिक त्या धोरणाविरुद्ध झगडले आणि हरले. मग त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. माणसाला मज्जाव आणि बाहुलीला पासपोर्ट! त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण काय पाठवायचं, पत्रात कोणता सूर लावायचा, हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. मुलं फक्त निरोप्याचं काम करत होती, आणि निरोप होता मोठ्यांना एकमेकांशी जे बोलायला जमलं नाही त्याचा.

युद्ध आलं तेव्हा या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. १९४३च्या सुमारास जपानी शाळांतून त्या जाळल्या गेल्या, बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या गेल्या. काही शिक्षकांनी त्या लपवून ठेवल्या, म्हणून आज तीनशेच्या आसपास उरल्या आहेत. कल्पना फसली असं म्हणणं सोपं आहे. पण युद्ध थांबवण्याची जबाबदारी सात-आठ वर्षांच्या पोरांवर टाकली कोणी, हे आधी विचारायला हवं.

त्याच १९४३ साली टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले. बॉम्बहल्ल्यात जनावरं सुटली तर काय, या भीतीने तसा हुकूम निघाला होता. हत्तींना उपाशी ठेवण्यात आलं. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांना हत्ती बघायचा होता. शेकडो मुलांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रं लिहिली, आणि सप्टेंबर १९४९मध्ये भारतातून एक हत्तीण टोकियोत पोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. या व्यवहारातही राजकारण होतंच, नेहरू काही भोळे नव्हते. तरी एक फरक मला मोलाचा वाटतो. या पत्रांच्या मुळाशी विश्वबंधुत्व नव्हतं, हत्ती होता. मागणी मुलांची स्वतःची होती.

पण हत्ती असो की बाहुली, ती वस्तू. ती समुद्र ओलांडते आणि देणारा-घेणारा आपापल्या घरीच राहतात. पुढचं पाऊल युरोपात पडलं. १८७० ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले होते. २२ जानेवारी १९६३ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही सरकारांनी मिळून तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय काढलं. बाहुल्यांच्या कथेत जे नव्हतं ते इथे होतं: दरवर्षीचा ठरलेला निधी, प्रवासखर्चाला मदत, शिक्षकांनी भरायचे अर्ज. अगदी रुक्ष कारभार. तो रुक्ष आहे म्हणूनच टिकला, असं माझं मत. भावना ओसरली तरी पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मंजूर होतंच.

आणि या कारभारातून मुलं खरोखर एकमेकांच्या घरी राहायला गेली; आधी हा तिकडे, मग तो इकडे. पाहुण्या घरात रात्री घरची आठवण येते, जेवण घशाखाली उतरत नाही, यजमान मुलाशी पटत नाही. तिथे सद्भावनेचं भाषण कामाला येत नाही. काही मुलं वैतागूनही परतली असतील. पण वैताग आला तो एका विशिष्ट मुलाचा किंवा त्याच्या आईच्या सूपचा, अख्ख्या शत्रुराष्ट्राचा नव्हे. या कार्यालयामार्फत आजवर ९० लाखांहून अधिक तरुण या देवाणघेवाणीत सामील झाले आहेत.

कराराच्या चाळिसाव्या वर्षी, २००३मध्ये, बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. तिथे मुलांनी भेटवस्तू किंवा सहल मागितली नाही. दोन्ही देशांत एकच इतिहासाचं पुस्तक शिकवा, अशी त्यांची मागणी होती. सरकारांनी ती मान्य केली. १९४५नंतरच्या काळावरचा पहिला खंड २००६मध्ये दोन्ही भाषांत निघाला आणि २०११पर्यंत आणखी दोन आले. वर्गांतून मात्र ही पुस्तकं बेताचीच वापरली गेली. जर्मनीत प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम निराळा, फ्रान्समध्ये सगळा देश एका परीक्षेच्या दावणीला बांधलेला. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते प्रश्नपत्रिकेशी जुळायला हवं, हे आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको. मुलांनी आपलं काम केलं होतं. अडलं ते शिक्षण खात्यांत.