सावरीची गादी

घराच्या एका टोकाला, भिंतीशी गाद्यांची चळत रचलेली होती. काळं कापड, कडांना लाल-हिरव्या विणकामाच्या पट्ट्या, प्रत्येक गादीला तिहेरी घडी. मोजल्या तर पंधरा भरतील. घरात राहणारी माणसं मात्र पाच. पाहुण्यांसाठी बाजारातून आणल्या असतील, असं मी पहिल्या रात्री धरून चालले. ते खरं नव्हतं. त्या गाद्या कुठून आल्या हे कळल्यापासून, परक्याच्या घरी पैसे देऊन राहणं म्हणजे काय, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

गावाचं नाव खो मुओंग. हनोईच्या नैर्ऋत्येला, व्हिएतनामच्या थान होआ प्रांतात, पू लुओंग अभयारण्याच्या आत. ‘पू लुओंग’ म्हणजे थाई भाषेत मोठा डोंगर. चहूकडून चुनखडीच्या डोंगरांनी वेढलेली ही एक वाटी आहे. तळाशी भातखाचरं, आणि खाचरांच्या कडेने खांबांवर उभी असलेली घरं. वस्ती थाई लोकांची. थाई म्हटल्यावर आपल्याला थायलंड आठवतं, पण हे लोक शतकानुशतकं याच खोऱ्यांत भात पिकवत आले आहेत. व्हिएतनाममध्ये सरकारदरबारी ५४ समाजांची नोंद आहे. २०१९च्या जनगणनेत किन्ह आणि ताय यांच्यानंतर थाईंचाच क्रमांक लागला. लोकसंख्या १८ लाखांच्या वर. थायलंडचे थाई आणि लाओसचे लाओ हे त्यांचे भाषेने भाऊबंद. १२२८ साली सुकाफाबरोबर आसामात उतरलेले आहोमही त्याच कुळातले. व्हिएतनामच्या थाईंच्या जुन्या लिपीचं मूळ भारतीय लिप्यांमध्ये आहे. आपल्या देवनागरीची ती लांबची बहीण आहे हे समजल्यावर मला अकारण आनंद झाला.

आता गाद्यांकडे येते. थाई मुलगी लग्नाच्या आधी वर्षानुवर्षं गाद्या, उशा आणि पांघरुणं तयार करते. कापड मागावर विणायचं, आत कापूस भरायचा, कडा सजवायच्या. लग्नात हे सगळं सासरी जातं आणि सासरच्या माणसांना भेट म्हणून दिलं जातं. मुलीचा हात किती चांगला आहे, ती किती कष्टाळू आहे, हे त्यावरून पारखलं जातं. ज्या घरात मी निजले तिथल्या गाद्यांतल्या काही सासूने आणलेल्या, काही सुनेने. आत भरलेला कापूस सावरीचा. वसंतात लाल फुलांनी पेटलेली काटेसावर तिकडच्या डोंगरांतही उभी असते. माझ्या आजीच्या घरी सावरीच्या कापसाची उशी होती, म्हणून अंधारात गालाला तिथल्या उशीचा स्पर्श झाला तेव्हा हात लावून पाहायचीही गरज पडली नाही.

मला वाटतं, या खोऱ्यांत होमस्टे इतक्या सहज रुजले त्याचं एक कारण या चळतींत दडलेलं आहे. घरात माणसांपेक्षा अंथरुणं जास्त होती, आणि ती आल्यागेल्यासाठीच राखलेली होती. खांबांवरच्या त्या घराला आत खोल्या अशा नसतातच; एक लांबलचक दालन, वेळूची किंवा लाकडाची जमीन, पूर्वजांचा एक कोपरा. पाहुणा आला की गादी पसरायची, दोरीवर पडदा ओढायचा, मच्छरदाणी लावायची, झाली खोली. घर बांधतानाच पाहुण्याची जागा धरलेली असावी असं ते घर पाहून वाटतं.

अशा घरात दुसऱ्याची रात्र आपल्याला ऐकू येते. पडद्यापलीकडे म्हातारा खोकतो. नातू झोपेत काहीतरी बोलतो आणि आजी त्याला हळूच थोपटते. पहाटे चारच्या सुमाराला कुणीतरी अनवाणी चालत जातं, जमीन किंचित दबते, मग चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज येतो आणि लाकडी भांड्यात चिकट तांदळाला वाफ धरू लागते. शहरातून आलेले आपण या सगळ्याला शांतता म्हणतो. पण ती आपोआप पसरलेली नसते. ती म्हातारी नातवाला थोपटत होती ती पडद्याअलीकडे मी निजले होते म्हणूनही. घरची माणसं आपल्याच घरात पावलं जपून टाकतात, तेव्हा पाहुण्याला शांत झोप लागते. आपण ज्याचे पैसे देतो त्यात हे जपणं कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि या शांततेला दुसरंही एक कारण आहे, ते मला जास्त बोचतं. गावात विशी-पंचविशीचे आवाज कमी आहेत. वाटीतली शेतजमीन वाढत नाही, घरातली मुलं वाढतात. ती कारखान्यांकडे जातात, हनोईभोवतालच्या औद्योगिक वसाहतींत, किंवा त्याहून दूर दक्षिणेला. कोकणातल्या ज्या गावांना आपण ‘निवांत’ म्हणतो, तीही मुंबईला माणसं पाठवून निवांत झालेली आहेत. बंद घरांचा निवांतपणा आणि भरल्या घराचा निवांतपणा प्रवाशाच्या कानाला सारखाच लागतो. तो वेगळा ओळखायला तिथे दोन-चार दिवस राहावं लागतं.

म्हणून होमस्टेने गाव बिघडतं, अशी तक्रार मी ऐकते तेव्हा मला ती पटत नाही. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचं न्हाणीघर, वायफाय यांना नाकं मुरडणाऱ्यांनी त्या घरातल्या सुनेला विचारावं. पाहुण्यांच्या पैशावर तिचा नवरा गावात राहू शकला आहे. पूर्वी घराखाली म्हशी बांधत. आता तिथे मोटारसायकल असते, बाकं असतात आणि एखादा माग. यात हळहळण्यासारखं काय आहे?

हळहळ वाटते ती वेगळ्या जागी. हनोईहून इकडे येणाऱ्या वाटेवर माय चाऊचं खोरं लागतं. तिथलं बान लाक हे गाव फार आधीपासून प्रवाशांना ठाऊक आहे. तिथे रात्री मोठमोठ्या गटांसाठी नाच होतात, ध्वनिवर्धक लागतात. थाईंच्या स्वे नृत्याला २०२१ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे नृत्य हातात हात गुंफून, वर्तुळ करून नाचायचं असतं. त्याच्या एका जुन्या प्रकारात तर पाहुण्यापुढे रुमाल धरून मद्याचं आमंत्रणच द्यायचं असतं. म्हणजे जे मुळात पाहुण्याला रिंगणात ओढून घेण्यासाठी जन्मलं, ते पाहुण्याने खुर्चीवर बसून बघायचं झालं. घरांचंही असं होऊ शकतं. पाहुणे वाढले की घरचे लोक मागे लहान खोली बांधून तिकडे निजायला जातात आणि मोठं घर गिऱ्हाइकांचं होतं. मग पडद्यापलीकडे कुणी खोकत नाही. तिथे मिळते ती झोपायची जागा. घर बाजूला उठून गेलेलं असतं.

आपल्याकडे पंढरपुरात वारीच्या दिवसांत घराघरांत वारकरी उतरतात. काही ठिकाणी पैसे घेतले जातात, काही ठिकाणी नाही, पण माडी दिली तरी घरचे घरातच असतात, आणि उतरलेला माणूस तुळशीला पाणी घालताना दिसतो. पैसे दिल्याने पाहुणेपण संपतं असं मला वाटत नाही. ते संपतं घरच्या रीतीला आपण बांधलेले नाही असं वाटू लागलं की. खो मुओंगच्या त्या घरात पूर्वजांच्या कोपऱ्याकडे पाय करून निजायचं नाही, एवढं मला पहिल्या संध्याकाळी हाताच्या खुणेने सांगण्यात आलं. आजवर कुठल्याच हॉटेलने मला माझे पाय कुठे असावेत हे सांगितलं नव्हतं. त्या एका सूचनेने मी त्या घराची झाले, तीन रात्रींपुरती का होईना.

जेवताना चटईवर बसायचं. चिकट भात बोटांनी घ्यायचा, तळव्यात दाबून लहानसा गोळा करायचा, मिठाच्या आणि तिखटाच्या वाटीत टेकवायचा. मी हाताने जेवते हे पाहून म्हातारीने माझ्यासमोरच्या काड्या उचलून बाजूला ठेवल्या आणि भाताची टोपली माझ्याकडे सरकवली. आमच्या दोघींत एकही सामायिक शब्द नव्हता. जे काही कळायचं ते सुनेच्या फोनवरच्या भाषांतरातून, आणि ते यंत्र म्हातारीच्या थाईपुढे गप्प बसायचं. मग सून आधी सासूचं बोलणं व्हिएतनामीत फोनला सांगायची. गाद्यांची हकिगत मला अशी तीन भाषा ओलांडून मिळाली.

निघायच्या सकाळी मी माझी गादी घडी करून ठेवली, गोधडीची घालतात तशी चौघडी. म्हातारी आली. तिने ती घडी पुन्हा उलगडली, शिवणीशिवणीवरून हात फिरवत तिची तिहेरी घडी घातली, वरची उशी दोन्ही हातांनी थोपटली आणि ती गादी उचलून चळतीत सुनेच्या गाद्यांखाली, स्वतःच्या गाद्यांमध्ये ठेवून दिली.