गावाकडून काय मागितले?

ग्रामसभेच्या नोटिशीवरचे विषय बहुधा ठरलेल्या क्रमाने येतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, विकास आराखड्यास मान्यता आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. लोकांना जे बोलायचे असते ते बरेचदा या शेवटच्या विषयात बाहेर पडते. वस्तीवरचा कोरडा नळ, स्मशानभूमीची वाट, पावसाळ्यात ओढ्याने तोडलेला रस्ता. आराखडा तोवर मंजूर झालेला असतो. गावाच्या सुधारणेत गावकऱ्यांना सामील करून घ्यावे, याला आज कुणाचा विरोध नाही. पण सामील करून घ्यायचे म्हणजे त्यांच्याकडून काय मागायचे, याचे उत्तर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत अनेकदा बदलले आहे.

सुरुवातीलाच एक मूलभूत हरकत घेतली गेली होती. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यात गाव हा राज्यव्यवस्थेचा पाया होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी ही कल्पना नाकारली आणि व्यक्तीला घटक मानले. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलतानाही त्यांनी, अस्पृश्यांना प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर पंचायत कुणाच्या हातात जाईल, हाच मुद्दा मांडला होता. गाव एकमुखाने बोलते तेव्हा त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीचे तोंड असते का, हा तो प्रश्न. पुढे संविधानात ग्रामपंचायती आल्या त्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, अनुच्छेद ४० म्हणून.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. गट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक ही आज अंगवळणी पडलेली यंत्रणा त्या काळात घडली. योजना वरून येई; गावाने श्रमदान करावे, थोडीफार वर्गणी काढावी, अशी अपेक्षा असे. म्हणजे गावाचे हात हवे होते. या कार्यक्रमाचा आढावा घेणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये निदान केले की, लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे अधिकार आणि पैसा दिल्याशिवाय लोक या कामाला आपले मानणार नाहीत. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांचे मोठे काम त्यांनी केले. मात्र वजन जिल्ह्याकडे राहिले. गावाने मत द्यायचे आणि मग सदस्याच्या मागे अर्ज घेऊन फिरायचे, असा रिवाज पडला.

वेगळे उत्तर दुष्काळी गावांनी आणि जंगलातल्या गावांनी दिले. १९७५ नंतरच्या राळेगणसिद्धीत आणि १९८९ पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारमध्येही श्रमदान झाले, पण ते कशासाठी हे गावाने ठरवले होते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत, असे ठरवले. पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. आराखडा म्हणजे मागण्यांची यादी, ही समजूत इथे मोडली. जे अपुरे आहे त्याची वाटणी कशी करायची आणि कुणी काय सोडायचे, हे ठरवणे म्हणजे नियोजन.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने त्याच्याही पुढची गोष्ट केली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगटात बसायचे. अभ्यासगट फक्त चर्चा करतो, निर्णय ग्रामसभेचा. अशा सवयीमुळे २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवरचा सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा तो सांभाळणारी संस्था गावात आधीपासून उभी होती. २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला.

दरम्यानच्या काळात लोकांबरोबर बसून गावाचा अभ्यास करण्याची पद्धत स्वयंसेवी संस्थांनी रुजवली. शिवारफेरी काढायची, गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढायचा. कागदावरच्या नकाशात लेखणी एकाच्या हातात असते. जमिनीवरच्या नकाशात, कोणत्या विहिरीचा तळ चैत्रातच दिसतो हे पाणी भरणारी बाई बोट ठेवून दाखवते. सरकारने ही पद्धत उचलली खरी. मात्र अनेक ठिकाणी फेरी झाल्याचा फोटो तेवढा अहवालाला जोडला जाऊ लागला.

कायदाही सरकत गेला. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, दलित-आदिवासींना आणि स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्मा झाला. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तिथला पाडाही स्वतःची ग्रामसभा भरवू शकेल अशी वाट उघडली. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आली. हे सारे आंबेडकरांच्या हरकतीला दिलेले, उशिराचे आणि अर्धेमुर्धे, पण खरे उत्तर आहे.

२०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे आला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक गावाला आराखडा करावा लागला. पंधराव्या आयोगाच्या २०२१ पासूनच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठरली. आराखडा मुदतीत पोर्टलवर चढवायचा असतो. त्या घाईत शेजारच्या दोन गावांचे आराखडे जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात: गटार, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, सभामंडप. गणपूर्तीला १५ टक्के किंवा शंभर मतदार पुरतात, तेही जमले नाहीत तर तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. हात मागून झाले, मत मागून झाले, आता सही मागितली जाते.

म्हणून सहभाग मोजायचा तर हजेरीपटावरच्या सह्यांनी मोजू नये. ग्रामसभेने यादीतले एखादे काम खोडले का, पुढे-मागे केले का, हे पाहावे. त्यासाठी गावाला विचारायची वेळ अंदाजपत्रकाच्या आधीची हवी. आकडे बसल्यावर ठेकेदारासकट सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. वाडी-वस्तीच्या बैठका मुख्य सभेआधी, मजूर घरी परतल्यावर, संध्याकाळी व्हायला हव्यात. आणि नव्या आराखड्याआधी जुना वाचला जावा: त्यातले काय झाले, काय राहिले, कुणामुळे राहिले. याला नवा कायदा लागत नाही. ऐनवेळचे म्हणून शेवटी ढकललेले विषय नोटिशीत पहिल्या क्रमांकावर घ्यायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी तयार आहेत का, एवढाच प्रश्न उरतो.