काळजी करू नका, काळजी घ्या

घरी फोन केला की ठेवताना मी नेहमी म्हणतो, 'काळजी करू नका, काळजी घ्या.' या वाक्यात एकच शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा होतो, हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. ते आलं 'सॉलिसिट्यूड' या इंग्रजी शब्दामुळे. बोलण्यात तो आता क्वचितच ऐकू येतो. अर्थ दोन: चिंता, आणि दुसऱ्याविषयीची आस्था. मूळ लॅटिन शब्द म्हणजे 'सगळाच्या सगळा हललेला', आतून ढवळून निघालेला. (वकिलीतला 'सॉलिसिटर' याच कुळातला, तो मात्र ढवळून निघण्याचे पैसे घेतो.) 'अँक्झायटी'चं मूळ आवळण्यात, गळा दाबण्यात आहे. तिथे गळा माझा असतो. सॉलिसिट्यूडमध्ये बहुतेकदा समोर कुणीतरी असतं.

मराठीत हे काम क्रियापदावर सोपवलंय: 'करणं' आणि 'घेणं'. पण करता करता आपण घ्यायला लागलो, हे कळतं कसं?

गेल्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले. मनगट मोडलं, बाकी काही नाही. मी बंगळुरात. त्याच रात्री हॉलसाठी कॅमेरा मागवला, ॲप टाकलं, आणि मीटिंगमध्येसुद्धा उघडून बघायला लागलो. याला मी काळजी घेणं म्हणत होतो. दोन आठवड्यांनी आई म्हणाली, 'अरे, ते हल्ली हॉलमध्ये बसतच नाहीत. पेपर घेऊन मागच्या ओट्यावर जातात.'

हायडेगरच्या 1927च्या 'झाइन उंड त्साइट'मध्ये 'फ्यूरझोर्गे' असा शब्द आहे. 1962च्या इंग्रजी अनुवादात त्याला 'सॉलिसिट्यूड' म्हटलंय. त्याची दोन टोकं तो सांगतो. एकात आपण दुसऱ्याच्या जागी उडी घेतो, त्याची काळजी त्याच्याकडून काढून घेतो. तो परावलंबी होतो, कधी नकळत आपल्या ताब्यात जातो. दुसऱ्यात आपण त्याच्या पुढे जातो, ते त्याची काळजी त्याला परत देण्यासाठी. 1933मध्ये नाझी पक्षात गेलेल्या माणसाकडून आस्थेचे धडे घेणं विचित्रच वाटतं, पण फरक त्याने नेमका पकडलाय.

तरी मला तो पुरत नाही. मनगट प्लास्टरमध्ये असताना बाबांच्या शर्टाची बटणं कुणीतरी लावायलाच हवी होती. आईने लावली. ती त्यांच्या जागी उडीच होती आणि त्यात काही चूक नव्हतं. माझ्या कॅमेऱ्याने एकही बटण लावलं नाही. पडले ते बाथरूममध्ये, कॅमेरा हॉलमध्ये! त्याने फक्त माझं ढवळणं तेवढ्यापुरतं शांत केलं. ती उडीही नव्हती. मी माझ्याच चिंतेची काळजी घेत होतो, आणि त्याची किंमत बाबांनी हॉल सोडून दिली.

ढवळणं वाईटच, असंही म्हणवत नाही. चिंता नसलेल्याला आपण निश्चिंतही म्हणतो आणि निष्काळजीही. काहीच हललं नसतं, तर मी फोनसुद्धा केला नसता.

मग एकदा बाबांनाच विचारलं, 'तुम्हाला काय हवंय?' ते म्हणाले, 'बाथरूमच्या भिंतीला एक दांडी बसवून दे. धरायला.' दिवाळीत गेलो तेव्हा बसवली. कॅमेरा अजून तिथेच आहे. काल रात्री मी ॲप उघडलं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं.