शिष्यवृत्ती : दान, बक्षीस की वचन?

शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे कळते त्या दिवशी घरात आनंद असतो, आणि तो असावाच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा, सेतू केंद्रासमोरची रांग, बँकेचे खाते, बापाने बुडवलेली दोन दिवसांची रोजी, एवढे सारे त्या एका मंजुरीमागे उभे असते. या आनंदाच्या भरात मंजुरीबरोबर आलेल्या अटी मात्र सहसा कोणी वाचत नाही. त्यांची आठवण होते ती निकाल लागल्यावर. मुलगा दोन विषयांत राहिलेला असतो, किंवा मुलीचे गुण ठरलेल्या टक्केवारीच्या खाली गेलेले असतात. आणि कार्यालयातून सांगण्यात येते की, यंदा नूतनीकरण होणार नाही. पुष्कळदा त्याच दिवशी त्या घरातले शिक्षण संपते.

या ठिकाणी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्याची मदत थांबवणे न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असेल तर ते कोणत्या मर्यादेपर्यंत? प्रश्न सरकारी योजनांपुरता नाही. धर्मग्रामातील मदत निधीतून, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीतून, परगावी नोकरी करणाऱ्या काका-मामांच्या पगारातून जेथे जेथे एखाद्या मुलाची फी भरली जाते, तेथे तेथे तो कधी ना कधी उभा राहतोच.

प्रथम अटी काय असतात ते पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या देशातील या प्रकारची सर्वांत मोठी परंपरा. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली आणि पुढे अनुसूचित जमातींनाही लागू झाली. त्यामुळे आदिवासी बांधवांच्या घरांतही ती पोचली. वर्तन चांगले असावे, उपस्थिती नियमित असावी आणि विद्यार्थ्याला वरच्या वर्गात प्रवेश मिळावा, या तिच्या नूतनीकरणाच्या मूळ अटी. अल्पसंख्याक समाजांसाठी २००७-०८ साली सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आधीच्या अंतिम परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अट घातली गेली. केंद्र सरकारच्या गुणवत्तेवर आधारलेल्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला तर ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती अशा दोन्ही अटी जोडलेल्या आहेत.

या अटींना केवळ कठोर म्हणून नाकारणे सोपे आहे. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिष्यवृत्तीचा पैसा कोणाच्या तरी घामाचा असतो. तो मोजका असतो आणि मागणारे हात अधिक असतात. जो मुलगा वर्गाकडे फिरकत नाही, त्याच्या नावे जाणारा रुपया दाराबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाचा आहे. शिवाय अट नसेल तेथे लबाडी शिरते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात खोटे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीची रक्कम उचलल्याचे प्रकरण २०१४-१५च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. अटीला आणखी एक बाजू आहे. अट घालणारा समोरच्याला जबाबदार मानतो. भिकाऱ्याच्या हातावर नाणे ठेवताना आपण त्याला काही विचारत नाही. ज्याच्याकडून काही घडेल असा आपला विश्वास असतो, त्यालाच आपण 'काय केलेस?' असे विचारतो. तेव्हा अट असण्यात अपमान नाही. कोणती प्रगती मोजायची आणि कोणत्या मापाने, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हे उपटून रोवणी सुरू झाली की गावात रिकामा हात उरत नाही. महाविद्यालयाचे पहिले सत्र भरात येते ते नेमके याच दिवसांत. पुढे हलका धान कापणीला येतो, त्यामागून भारी धान येतो, बांध्यांतून कापणी आणि खळ्यावर चुरणी सुरू होते. आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा याच सुमारास येऊन ठेपतात. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या शेतमजुराची मुलगी डोळ्यांसमोर आणा. रोवणीच्या दिवसांत ती आईबरोबर चिखलात उभी असते, कारण त्या तीन आठवड्यांच्या रोजीवर घरचे पुढचे दोन महिने निघतात. वर्गाच्या हजेरीपटावर तेवढे दिवस तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागते. दुसरीकडे शहरातला एखादा मुलगा सर्व दिवस हजर राहतो, शिकवणीला जातो आणि साठ टक्के मिळवतो. ही मुलगी सत्तेचाळीस मिळवते. हजेरीपट आणि गुणपत्रिका दोघांविषयी खरेच सांगतात; तरीही दोघांपैकी अधिक वाट कोणी चालली, हे त्या दोन कागदांवरून कळत नाही. कोण कोठे पोचले हे गुण दाखवतात. कोण कोठून निघाले होते याची नोंद त्यांत नसते.

न्यायाविषयी विचार करणाऱ्यांना ही अडचण फार जुनी आहे. वाटपातील न्याय म्हणजे सर्वांना सारखे देणे नव्हे, प्रमाणात देणे होय, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. त्याच ग्रंथात तो पुढे आणखी मोलाची गोष्ट सांगतो. कायदा नेहमी सर्वसाधारण शब्दांत बोलतो आणि माणसांची आयुष्ये मात्र एकेकटी असतात; म्हणून उत्तम कायदाही कोठे तरी अपुरा पडतो, आणि तेथे त्याची उणीव भरून काढणे हे न्यायाचेच काम आहे. यासाठी त्याने लेस्बॉस बेटावरील गवंड्यांचा दाखला दिला. त्यांच्याजवळ शिशाची मोजपट्टी असे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे आणि म्हणूनच ओबडधोबड दगडही तिने नेमका मोजता येई. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. ठेव ज्याची त्याला परत करावी, हा नियम चांगलाच. पण वेडाच्या भरात कोणी आपली तलवार परत मागू लागला तर ती देणे वाईट, असे ते म्हणतात. अशा वेळी नियमाच्या अक्षराला बाजूला ठेवून त्याच्या हेतूला जागणे हा त्यांच्या मते सद्गुण आहे आणि तो न्यायाचाच एक भाग आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. शिशाची पट्टीही पट्टीच असते. ती वाकते, पण मोजणे सोडत नाही. जो सरसकट सर्वांना सोडून देतो त्याने पट्टी फेकून दिलेली असते. आणि जो लोखंडी पट्टीने सर्व दगड मोजतो तो चांगले दगडही नापसंत करून टाकतो.

याला आपल्याच इतिहासात एक मोठा दाखला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. त्या शिष्यवृत्तीला मुदत होती आणि परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अटही होती. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले. परंतु मुदत संपल्यामुळे १९१७ साली तेथील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्या वर्षी एखाद्या कारकुनाने रकाना भरला असता तर 'अभ्यासक्रम अपूर्ण' एवढेच लिहिले असते. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना ठेवली होती. ते एक दार उघडे राहिले. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. वर सांगितलेली १९४४ची शिष्यवृत्ती त्या आग्रहाचे फळ आहे. याच बाबासाहेबांना १९५४च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने उमेदवार म्हणून पाहिले आहे. मुदतीपाशी थांबलेला एक विद्यार्थी पुढे हजारोंच्या शिष्यवृत्तीचे कारण झाला. ती मुभा मिळाली नसती तर काय घडले असते, याचा हिशेब कोणत्या टक्केवारीत करावा?

शिष्यवृत्तीला आपण दान म्हटले तर देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. तिला बक्षीस म्हटले तर हरणाऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. माझ्या मते ती यांपैकी काहीच नाही; ते दोन पक्षांमधले वचन आहे. विद्यार्थी म्हणतो, 'मी झटेन.' समाज म्हणतो, 'तू झटत असशील तोवर पैशाअभावी तुला थांबावे लागणार नाही.' असे असेल तर अटी दोघांनाही बांधतात. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत वर्ष सरत यावे, हा अनुभव महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना नवा नाही. पुस्तके जूनमध्ये लागतात, खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, आणि मदत येते ती परीक्षेच्या तोंडावर. ज्याने स्वतःचे वचन उशिरा पाळले त्याने दुसऱ्याच्या उशिराबद्दल एकदम शिक्षा सुनवावी, हे न्यायाला धरून नाही.

विशेष म्हणजे नियम करणाऱ्यांना हे अगदीच कळले नव्हते असे नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत दीर्घकाळ काही सवलती राहिल्या आहेत. आजारपणामुळे किंवा अनपेक्षित आपत्तीमुळे परीक्षेला बसता आले नाही, तर प्रमाणपत्र आणि संस्थाप्रमुखांची खात्री यांवर शिष्यवृत्ती चालू राहू शकते. एखादा विषय राहूनही विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे, ज्याला आपण एटीकेटी म्हणतो त्या मार्गाने, वरच्या वर्गात प्रवेश मिळाला तर त्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. अमेरिकेतही १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याखाली सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला समाधानकारक प्रगती दाखवावी लागते; पण कमी पडणाऱ्याला दाद मागण्याची सोय महाविद्यालयाला ठेवता येते. घरातील मृत्यू, स्वतःचे आजारपण अशी कारणे त्याने मांडावीत, आणि आता परिस्थितीत काय बदलले आहे तेही सांगावे, अशी तेथील रीत आहे. म्हणजे शिशाची पट्टी नियमांच्या पुस्तकात आहे. ती पुस्तकातून बाहेर काढणारा माणूस मात्र हवा. त्या शेतमजुराच्या मुलीला हे कलम कोण सांगणार? प्राचार्यांच्या दारापर्यंत तिच्याबरोबर कोण जाणार?

लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. तीन वर्षे फळ न आल्याने मालक झाड तोडायला सांगतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. या माळ्याने मालकाची अपेक्षा चूक ठरवलेली नाही. झाडाने फळ द्यावे हे त्यालाही मान्य आहे, आणि वर्षअखेरीस निर्णय होईल हेही मान्य आहे. पण ते वर्ष मागताना भोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. सवलत मागणे आणि तिच्यासाठी राबणे या दोन गोष्टी तो एका दमात बोलतो. पुढे झाडाला फळ आले की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. फळाची खात्री नसतानाही ते वर्ष देण्यासारखे होते, एवढे मात्र त्यातून कळते.

म्हणून धर्मग्रामातील निधी सांभाळणाऱ्यांना माझे सांगणे असे की, अट जरूर ठेवा, पण ती पैसे देतानाच मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समजावून सांगा. पहिल्या अपयशाला मदत बंद करू नका; पहिल्या अपयशाला भेटीला जा. कोणता विषय राहिला, का राहिला, घरी दिवा केव्हा लागतो, बस कितीची आहे, हे विचारा. आपल्या लहानशा धर्मग्रामांतही एखादे निवृत्त शिक्षक, एखादी पदवीधर सून, गणित शिकवू शकणारा एखादा कारखान्यातला कामगार असतोच. राहिलेल्या विषयासाठी त्यांचा आठवड्यातला एक तास मागून घ्या. वर्षभराने हे सर्व होऊनही मुलाने पुस्तक उघडलेच नाही, तर तो पैसा दुसऱ्याला देताना मन खाणार नाही.

आणि पालकांनो, एक गोष्ट आपल्या घरातली आहे. पुष्कळ मुले नापास झाल्याचे घरी सांगत नाहीत. रक्कम थांबल्यावर आधी खोटे कारण येते, मग कॉलेजच्या नावाखाली नागपुरात कोठे तरी काम सुरू होते, आणि आईवडिलांना कळते तोवर अर्जाची तारीख उलटून गेलेली असते. त्या मुलांना कार्यालयातील नियमापेक्षा घरातील नजरेचे भय अधिक वाटते. निकालाच्या दिवशी आपण प्रथम काय विचारतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'किती पडले?' हा प्रश्न कार्यालय विचारणारच आहे. घराने विचारावे, 'कोठे अडले?'