मीठ आणि रक्त

११ नोव्हेंबर २०१७. न्यूझीलंडमधलं हॅमिल्टन शहर, रग्बी लीगचा विश्वचषक. यजमान न्यूझीलंडने 'हाका' हे आपलं युद्धनृत्य सुरू केलं आणि समोरून लाल जर्सीतले टोंगाचे खेळाडू 'सिपी ताऊ' हे त्यांचं युद्धनृत्य करत, अंग थोपटत त्यांना सामोरे गेले. त्या लाल रांगेत जेसन तौमालोलो होता. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तो समोरच्या रांगेतला मानला जात होता.

१९९३ साली ऑकलंडमध्ये टोंगन घरात जन्मलेला हा फॉरवर्ड २०१४पासून न्यूझीलंडकडून खेळत होता. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'डॅली एम' पुरस्कार त्याला कूपर क्रॉंकसोबत विभागून मिळाला होता. तेरा जणांच्या या खेळात फॉरवर्डच्या वाट्याला अंगमेहनत येते. चेंडू छातीशी कवटाळायचा, तिघा-चौघांच्या भिंतीवर धडकायचं, मातीत पडायचं, उठून चेंडू पायाने मागे सारायचा आणि पुन्हा धावायचं. देह असा झिजवायचाच, तर तो कुणाच्या नावाने?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: खाल्ल्या मिठाला जागावं. कर्ण जागला. आपण कुंतीचा मुलगा आहोत हे कळल्यावरही त्याने दुर्योधनाला सोडलं नाही, आणि म्हणून तो आपल्याला अर्जुनापेक्षा जवळचा वाटतो. या मापाने तौमालोलो उणा ठरतो. ज्या देशाने त्याला मोठ्या मैदानावर उभं केलं, त्याच्याच विरुद्ध तो उतरला. न्यूझीलंडच्या चाहत्यांना झालेलं दुःख खरं होतं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पण आपल्याच परंपरेत पितृऋणही आहे. मिठाचं ऋण आपण खाऊन ओढवून घेतो, पितरांचं जन्मासोबतच येतं. ते नको म्हणायची सोय नाही, कुणी वसुलीलाही येत नाही. म्हणूनच ते विसरणं सगळ्यात सोपं असतं. जेमतेम लाखभर वस्तीच्या टोंगाचं ब्रीदच सांगतं की देव आणि टोंगा हाच माझा वारसा. मराठीत यासाठी 'वतन' हा नेमका शब्द आहे. फरक एवढाच, की तौमालोलोला या वतनातून उत्पन्न मिळायचं नव्हतं. मोठा संघ सोडून तो दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडे गेला होता. निष्ठा बदलणारा माणूस सहसा उलट्या दिशेने जातो.

म्हणून त्याला कृतघ्न म्हणणं मला पटत नाही. कर्णाची कृतज्ञता थोर होती, पण तिने त्याला भर सभेत द्रौपदीच्या विटंबनेत सामील करून घेतलं. मिठाला जागण्यालाही मर्यादा हवी, हे महाभारतच दाखवतं.

हॅमिल्टनच्या त्या सामन्यात मध्यंतराला टोंगा २-१६ असा मागे होता. शेवटी २८-२२ने जिंकला. पुढे उपांत्य फेरीत इंग्लंडने त्यांना २०-१८ असं हरवलं, पण २०१९ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर याच संघाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं नमवलं.

आणि मीठ? २०१७ सालीच तौमालोलोने टाउन्सव्हिलच्या नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉईज या आपल्या क्लबशी तब्बल दहा वर्षांचा करार केला होता. देशाची जर्सी बदलली त्या वर्षी रोजच्या भाकरीचं घर मात्र त्याने बदललं नाही.